टाचेकडची काच

डोंगराच्या पायथ्यालाच माझं डोकं फिरलं. तिकीट खिडकीतल्या बाईनं आधी आत्याच्या काळ्या चष्म्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या पांढऱ्या काठीकडे, आणि मग मला विचारलं, "यांना कशाला त्रास देताय एवढा? वर सगळं बघण्यासारखंच आहे."

"मग तुम्हीच जा की वर," मी म्हणाले. "तुम्हाला तर दिसतंय."

आत्यानं माझा दंड दाबला. पुरे कर, असा त्याचा अर्थ. लहानपणापासून हा दंड इतक्या वेळा दाबला गेलाय, की तिथे अजून खळगा कसा पडला नाही याचंच मला नवल वाटतं.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. तेव्हापासून माझी वेणी घालण्यापासून मला काच कापायला शिकवण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. आमचं काचेचं दुकान आहे. खिडक्या, आरसे, शोकेस, टेबलांच्या काचा, जे मागाल ते. पस्तिशीत आत्याचे डोळे गेले. "काचेच्या दुकानात जन्म गेला, मला काचबिंदू नाही होणार तर काय होणार?" असं ती गिऱ्हाइकांना हसत सांगते, आणि आपण हसावं की नाही ते गिऱ्हाइकांना कळत नाही.

डोळे गेले म्हणून ती घरी बसली नाही. मशीनवर कडा घासून झाल्या, की प्रत्येक काच तिच्यासमोर जाते. ती उजव्या हाताचा अंगठा चारही कडांवरून फिरवते. अंगठा कुठे अडला की काच परत मशीनवर. शिवाय चारही कोपरे किंचित गोल केलेले असलेच पाहिजेत, हा तिचा हट्ट. "काच कुणाची का असेना, कोपरा येणाऱ्याजाणाऱ्याला लागतो," ती म्हणते. बाजारातलं दुसरं एकही दुकान ही उठाठेव करत नाही, कारण त्यात वेळ जातो. आम्ही करतो, कारण आत्यापुढे कुणाचं काही चालत नाही.

गेल्या वर्षापासून साखरेमुळे तिची बोटं बधिर होत चालली आहेत. आधी पायांची झाली, मग हातांची. उजवा अंगठा तेवढा अजून शाबूत आहे. डॉक्टर म्हणाले, गेलेली जाणीव परत येत नाही, आणि राहिलेली किती दिवस टिकेल ते सांगता येणार नाही. डोळे गेले तेव्हा तिला रडताना मी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी दवाखान्यातून परत येताना ती गाडीत ओक्साबोक्शी रडली. घरी आल्यावर तोंड धुऊन म्हणाली, "अंगठा आहे तोवर मला डोंगरावर ने."

या डोंगराच्या माथ्यावर एका सपाट कातळात बुद्धाचं पाऊल कोरलेलं आहे. कुणी कोरलं, कधी कोरलं, ते धड कुणालाच माहीत नाही. आत्या सात वर्षांची असताना आजोबांनी तिला खांद्यावर बसवून वर नेलं होतं आणि टाचेच्या खळग्यात तिचा तळहात ठेवला होता. त्या पावलाची पाचही बोटं सारख्या लांबीची आहेत, तळव्यावर चक्र आहे, आणि टाचेत हात ठेवला की भर उन्हातही गार लागतं, हे मी तिच्याकडून शंभरदा ऐकलंय. डोळे होते तेव्हा तिला दुकानातून सवड मिळाली नाही. नंतर "पुढच्या वर्षी नक्की जाऊ" असं म्हणत मी वर्षांमागून वर्षं काढली. ते माझं चुकलंच, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

वर जायला तारेवरचा पाळणा आहे. त्यात बसू, असं मी आत्याला परोपरीनं सांगितलं. "तुझ्या पायाला पायरी तरी कळते का?" मी म्हणाले.

"पायाची बोटं गेलीत, पाय नाही गेले," ती म्हणाली.

मग चढलो. अकराशे पायऱ्या. मी एक पायरी पुढे, तिचा हात माझ्या खांद्यावर, आणि प्रत्येक पायरीला मी "पायरी" म्हणायचं. दोनशेव्या पायरीपर्यंत माझा घसा बसला. वाटेत गळ्यात कॅमेरा अडकवलेले एक गृहस्थ थांबले आणि मला म्हणाले, "यांचा एक फोटो घेऊ का? फार प्रेरणा मिळते हो असं काही बघितलं की."

"त्यांनाच विचारा ना. त्या आंधळ्या आहेत, बहिऱ्या नाहीत."

"घ्या, घ्या," आत्या म्हणाली. "पण माझा चष्मा सरळ आहे ना ते सांगा आधी." तिला मनापासून मजा येत होती. मला त्या माणसाला तिथूनच खाली गडगडत सोडावंसं वाटत होतं.

वर पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. आत्यानं काठी मिटून माझ्याकडे दिली. नळावर हात धुतले, रुमालाला पुसले. मग उजवा अंगठा तोंडाशी नेऊन त्यावर फुंकर मारली. दुकानात सकाळी पहिल्या काचेला हात लावण्याआधी ती हेच करते.

रांग लांब होती. रांगेच्या शेवटी दोरी, दोरीपाशी गळ्यात शिट्टी अडकवलेला पहारेकरी, आणि त्याच्या मागे, कातळावर, एक काचेचं खोकं. ते दिसलं तशी मी जागच्या जागी थांबले. आत्या माझ्या पाठीवर आपटली.

"काय झालं ग?"

"पावलावर काच बसवलीय."

"म्हणजे हात लावता येणार नाही?"

शेजारी पाटी होती, ती मी तिला वाचून दाखवली, 'कृपया डोळ्यांनी पाहावे, स्पर्श करू नये.' आणि डोळ्यांनी तरी काय दिसत होतं? काचेच्या आत वाफ धरली होती. चारही बाजूंनी पाण्याचे ओघळ. सकाळपासून घाम गाळत चढून आलेली माणसं एका धुरकटलेल्या खोक्याचे फोटो काढत होती आणि मुकाट्यानं पुढे सरकत होती. आमच्या पुढचे एक काका बायकोला सांगत होते, "ते बघ, डावीकडे, तो अंगठा असणार." डावीकडे शेवाळाचा डाग होता.

"पुढे चला, पुढे चला," पहारेकरी म्हणाला. "हात नको, डोळ्यांनी बघा."

"या बाई डोळ्यांनी कशा बघणार?"

त्यानं आत्याकडे पाहिलं आणि आवाज मऊ करून म्हणाला, "मग मनानं बघा, आजी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मनानं बघायचं असतं तर घरी बसून बघितलं असतं! अकराशे पायऱ्या कशाला चढलो असतो? ज्यांना दिसतं त्यांना दिसू देत नाही आणि जिला हातानं दिसतं तिला हात लावू देत नाही. मग हे डोंगरावर ठेवलंय तरी कुणासाठी?"

त्यानं शिट्टी वाजवली. माझ्या तोंडावर. रांगेतली माणसं मागे वळून बघायला लागली, आणि मग मी काही ऐकणार होते थोडीच.

"आणि हे खोकं बसवलंय कुठल्या गाढवानं? पाचही काचांना सिलिकॉन गच्च भरलंय. खालून कातळाची ओल येणार, वरून ऊन तापणार, वाफ जाणार कुठे? बोटभर फट ठेवायची अक्कल नाही? अजून दोन वर्षं हे असंच ठेवा, शेवाळानं दगडाचं कोरीवकाम खाल्लेलं असेल. काच लावणाऱ्याला नाही तर निदान काच देणाऱ्याला तरी कळायला नको?"

मी बोलत होते तेवढ्यात आत्या दोरीखालून वाकून आत गेली होती. तिनं खोक्याची वरची कड चाचपून शोधली आणि तिच्यावरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. पहारेकऱ्याची शिट्टी पुन्हा वाजली. आत्याचा अंगठा कोपऱ्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला. मग पुन्हा एकदा कोपऱ्यावरून फिरला.

"फटाकडे," ती म्हणाली. मी चिडले की तिला हेच नाव सुचतं. "जरा गप्प बस. काच आपली आहे."

"आपली कशी असेल?"

"कोपरा बघ."

मी वाकून पाहिलं. कोपरा किंचित गोल केलेला होता. चारही कोपरे तसेच होते. आणि मग मला तो माणूस आठवला.

आठ महिन्यांपूर्वी डोक्याला हेल्मेट अडकवलेला एक ठेकेदार दुकानात आला होता. कागदाच्या कपट्यावर मापं होती. पाच काचा, दहा मिलिमीटर. मी विचारलं, शोकेसला का? तो म्हणाला, तसंच काहीतरी. मी म्हणाले, बंद खोकं असेल तर हवेला वाट ठेवा, नाहीतर आत वाफ धरेल. त्यावर तो म्हणाला, "तुम्ही फक्त कापून द्या हो बाई." बस, एवढंच वाक्य. माझं टाळकं सटकलं. मनात म्हटलं, जा, मर आपल्या कर्मानं. कुठे बसवणार, कशावर बसवणार, एक शब्द विचारला नाही. काचा कापल्या, घासल्या, आत्यासमोर ठेवल्या. तिनं अंगठा फिरवून पास केल्या आणि त्या टेम्पोत चढल्या.

म्हणजे मघापासून मी रांगेसमोर ओरडून ज्याची लाज काढत होते, ती मीच. कान असे तापले की काय सांगू. माझ्या रागानं आजवर बरीच नुकसानं केली आहेत, पण त्यातलं एक डोंगराच्या माथ्यावर येऊन बसलं असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"मीच पास केली ग ती," आत्या म्हणाली. "याच अंगठ्यानं." ती हसली नाही. दोरीखालून बाहेर आली आणि माझ्याकडे काठी मागितली. "चल. खाली जाऊ. यायचं होतं, येऊन झालं."

तिचा तो समजूतदार आवाज ऐकून मला सगळ्यात जास्त राग आला. "मी नाही जाणार खाली," मी म्हणाले, आणि तिला हाताला धरून थेट कार्यालयात नेलं.

कार्यालय म्हणजे एक खोली, एक टेबल आणि फायलींची तीन कपाटं. व्यवस्थापक नीटनेटका माणूस होता. खिशाला दोन पेनं, टेबलावर काच, काचेखाली नियमांचे कागद. कोपऱ्यात खिडकीपाशी एक म्हातारे भन्ते वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी सगळं सांगितलं. अंगठ्याचंही सांगितलं.

व्यवस्थापक वाईट नव्हता. त्यानं आत्याला खुर्ची दिली, पाणी दिलं. "तुमचं दुःख कळतं मला," तो म्हणाला. "पण लोक काय करायचे माहितीय? किल्ल्यांनी दगड खरवडून त्याची पूड पुडीत बांधून घरी न्यायचे. एकानं तर चक्रावर स्वतःचं आणि बायकोचं नाव कोरायला घेतलं होतं. म्हणून काच बसवली. आता ती उघडायची तर समितीचा ठराव लागतो. समिती सहा महिन्यांनी बसते."

"चार जणांनी खरवडलं म्हणून सगळ्यांचे हात बांधायचे? आणि हिचा अंगठा सहा महिने थांबेल, असं लिहून देते का तुमची समिती?"

"माझ्या हातात नाही हो, बाई."

आत्यानं दंड दाबला. मी हात सोडवून घेतला. "आत वाफ धरते, काही दिसत नाही, अशी तक्रार आली नाही का तुमच्याकडे कधी?"

"रोज येते," तो उसासा टाकून म्हणाला. "पुरवठादाराला पत्र लिहायचंय. बिलावर पाच वर्षांची गॅरंटी आहे. दोष निघाला तर त्यानं स्वतः येऊन दुरुस्ती करायची. त्याला समितीची परवानगीही लागत नाही, तसं ठेकेदाराच्या करारातच आहे."

मग मी खुर्ची ओढून बसले.

"काढा ती फाईल."

फाईल निघाली. ठेकेदारानं जोडलेलं आमच्या दुकानाचं बिल निघालं, खाली माझी सही. मी ओळखपत्र टेबलावर ठेवलं. व्यवस्थापकानं ओळखपत्र पाहिलं, बिल पाहिलं, मला पाहिलं. "म्हणजे पुरवठादार तुम्ही?"

"मीच. आणि गॅरंटीप्रमाणे दुरुस्तीला आलेय."

"पण पुरवठादाराकडे लेखी तक्रार गेल्याशिवाय दुरुस्ती कशी होणार?"

"तक्रारवही द्या."

मी वहीत स्वतःविरुद्ध तक्रार लिहिली. चांगली पानभर लिहिली, हात आखडता घेतला नाही. पुरवठादारानं काच कशासाठी हवी हे विचारलं नाही, हवेची वाट ठेवायचं बजावून सांगितलं नाही, रागाच्या भरात गिऱ्हाइकाला चुकू दिलं, आणि त्यामुळे शेकडो लोकांची वर येण्याची मेहनत फुकट गेली, असं लिहिलं. खाली प्रवासी म्हणून सही केली. मग त्यानं ती वही माझ्याकडून घेतली, शिक्का मारला आणि पुरवठादाराच्या नावे मलाच परत दिली. तक्रार मिळाली, म्हणून मी पुन्हा सही केली. त्यानं दोन्ही सह्या चष्मा वर करून तपासल्या.

"सारख्या आहेत," तो संशयानं म्हणाला.

खिडकीपाशी भन्ते वर्तमानपत्रामागे हसत होते. कागद थरथरत होता.

लिफाफे फोडायचा कटर मी टेबलावरूनच उचलला. पहारेकऱ्याला रांग थांबवायला सांगितलं, आणि इतका वेळ मला गप्प करायला वाजणारी शिट्टी आता लोकांना मागे ठेवायला वाजू लागली. खोक्याच्या चार बाजूंपैकी टाचेकडची आणि बोटांकडची काच आखूड होती. टाचेकडचीच काढायची ठरवलं. पातं पूर्ण बाहेर काढलं आणि वरच्या सांध्यात घातलं. सिलिकॉन असं भरलं होतं की जणू समुद्र अडवायचाय. पातं दोनदा तुटलं. भन्ते आपण होऊन पुढे आले आणि काच बाहेर पडू नये म्हणून दोन्ही तळव्यांनी धरून बसले.

"ही बसवल्यापासून मीही हात लावलेला नाही," ते हळूच मला म्हणाले.

"मग तुम्ही का नाही बोललात?"

"बोललो. समितीत. दोनदा." त्यांच्यावर चिडायला मला तोंड राहिलं नाही.

शेवटचा सांधा सुटला. आम्ही दोघांनी काच खाली उतरवून भिंतीला टेकवली. आतून कोंदट, कुबट वाफ बाहेर आली. टाचेच्या खळग्यात हिरवट पाणी साचलं होतं. मी माझ्या ओढणीनं ते टिपून काढलं, दगड पुसला, पुन्हा पुसला. मग आत्याला हाताला धरून खाली बसवलं आणि तिचा उजवा हात आत नेऊन टाचेवर ठेवला.

तिची चारही बोटं दगडावर सपाट पसरलेली. चेहरा कोरा.

"काय ग?"

"काही कळत नाही," ती म्हणाली. "लाकडाच्या हातानं धरल्यासारखं वाटतंय."

अंगठाही गेला की काय? वाटेत गेला असेल? इतकी वर्षं मी पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत होते. मला कुणावर तरी जोरात ओरडायचं होतं आणि ओरडायला माझ्याखेरीज कुणी उरलं नव्हतं.

आत्यानं हात उचलला. बोटं मिटून घेतली. फक्त अंगठा पुढे केला आणि टाचेच्या कडेवर टेकवला. मग नेहमीसारखा, दुकानातल्यासारखा, सावकाश फिरवायला लागली. डावीकडून सुरुवात करून टाचेच्या गोलाईवरून उजवीकडे. एका जागी थांबली, मागे आली, पुन्हा गेली.

"गार आहे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "कड काय घासलीय ग. कुठेच अडत नाही."

मी रडले. शिट्टीवाल्यासमोर, व्यवस्थापकासमोर, त्या अख्ख्या रांगेसमोर, नाक वर ओढत रडले. आत्या मात्र रडली नाही. ती आपलं काम करत होती. टाच संपवून ती तळव्यावर गेली, हात कोपरापर्यंत आत घालून चक्राचे आरे एकेक करून मोजले, मला आकडा सांगितला, आणि मगच हात बाहेर काढला.

"झालं?" व्यवस्थापक म्हणाला. "आता आत पुसून घ्या आणि काच बसवून टाका. हवेला फट तेवढी ठेवा."

मी काच उचलली. "बोटभर ठेवते."

"ती काच बसवू नकोस," आत्या खाली बसल्या बसल्या म्हणाली.

"हवेला बोटभर पुरते ग."

"हवेला पुरते." तिनं मागे, रांगेच्या दिशेनं मान वळवली. "यांचा हात जाईल का बोटभर फटीतून?"

मी व्यवस्थापकाकडे पाहिलं. मग वही मागितली आणि पुरवठादाराचा शेरा लिहिला. टाचेकडची काच सदोष, परत नेत आहे. बदली काच येईपर्यंत ती बाजू उघडी ठेवावी. दुसऱ्या कुणाकडून बंद करून घेतल्यास गॅरंटी रद्द. सही केली.

त्यानं ते दोनदा वाचलं. भन्तेंकडे पाहिलं. भन्ते केव्हाच खाली बसले होते आणि त्यांचा हात आत होता.

"बदली काच कधी पाठवाल?" त्यानं विचारलं.

"आमच्याकडची प्रत्येक काच यांच्या अंगठ्याखालून जाते," मी आत्याकडे बोट दाखवून म्हणाले. "यांनी पास केली, की लगेच पाठवते."

आत्या माझा हात धरून उठली, रांगेतल्या पुढच्या बाईला जागा करून दिली आणि व्यवस्थापकाच्या आवाजाकडे तोंड करून म्हणाली, "मी नाही करणार पास."